बाळयेशूच्या ओळखीनं

निकानोर बाराहासने गल्लीतल्या दुकानात शिरून दुकानदारीण दोन्या चायोला, म्हणजे चायोबाईंना, आपणहून "कशा आहात?" असं विचारलं, तेव्हा तिने आधी गल्ल्याचा खण बंद केला आणि मग उत्तर दिलं. तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. निकानोर त्या गल्लीत बावीस वर्षं राहत होता. एवढ्या वर्षांत त्याने तिच्याकडून अंडी, साबण, मेणबत्त्या आणि एकदा उंदराचं औषध घेतलं होतं, पण चौकशी अशी कधी केली नव्हती. चौकशीचं खातं त्याच्या बायकोकडे, ओफेलियाकडे होतं. कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाच्या गुडघ्यात पाणी झालं, कोणाचा नवरा सीमेपलीकडून परत आला आणि का आला, हे सगळं ती रस्त्यात उभी राहून विचारायची. निकानोर तिच्या मागे पिशवी धरून आकाशाकडे बघत उभा असायचा. मागच्या जूनमध्ये ओफेलिया गेली. पिशवी तेवढी राहिली.

नोव्हेंबरात बुटांचा कारखाना बंद पडला, तिथे तो खरेदी विभागाचा प्रमुख होता. मग दूर सीमेवरच्या तिहुआनाहून मुलीचा, योलांदाचा फोन आला. बाबा एकटे तिथे काय करणार, दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या सणाला मी गाडी घेऊन येते, सामान भरू, घर भाड्याने देऊ आणि तुम्ही माझ्याकडे राहा, असा तिचा बेत होता. नोकरी असलेला माणूस असा उठून गाव सोडत नाही, असं निकानोर म्हणाला. नोकरी कुठे आहे, असं तिने विचारलं. कांदेलारियापर्यंत मिळेल, असं तो बोलून गेला. ठीक आहे, मिळाली तर राहा, नाहीतर गाडीत बसा, असं ठरलं.

घर सोडायचं त्याच्या मनात नव्हतं. कोणी कारण विचारलं असतं तर त्याने तिहुआनाचं पाणी वाईट आहे असं काहीतरी सांगितलं असतं. खरं कारण एवढंच, की घरातल्या वस्तू ओफेलियाने जिथे ठेवल्या होत्या तिथेच होत्या, आणि त्या हलवायच्या तर कुठे ठेवायच्या हे त्याला माहीत नव्हतं.

आता नोकरी शोधायची म्हणजे चार लोकांकडे जाणं आलं, आणि इथेच गाडं अडलं. खरेदी विभागातल्या माणसाचा स्वभाव संशयाचा असावाच लागतो. चामडं, डिंक, खिळे, दोरा विकणारे लोक सत्तावीस वर्षं निकानोरसमोर बसून हसले होते आणि तो एकदाही उलट हसला नव्हता. नाताळात ते कॅलेंडर आणत. तो परत करी. एका डिंकवाल्याने त्याच्या घरी जिवंत टर्की पाठवली होती. निकानोरने ती बसचं तिकीट काढून परत पाठवली. म्हणजे शहरात त्याला ओळखणारे लोक पुष्कळ होते, पण त्यांतल्या प्रत्येकाची कधी ना कधी त्याच्याकडून एखादी भेटवस्तू परत आलेली होती.

नगरपालिकेच्या रोजगार कचेरीत नोकरी शोधणाऱ्यांसाठी फुकट वर्ग चालत. ब्रेंडा मॅडम शिकवीत. वय पंचवीस असेल, पण त्यांचा आत्मविश्वास पन्नाशीचा होता. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, की तुम्ही सगळे म्हणजे माल आहात, आणि माल स्वतःहून विकला जात नाही. निकानोरला हे पटलं नाही. चांगला माल स्वतःहून विकला जातो आणि वाईट मालाबरोबर टर्की येते, असा त्याचा अनुभव होता. पण त्याने वहीत लिहून घेतलं. मग प्रत्येकाने उभं राहून एक मिनिट स्वतःची जाहिरात करायची होती. निकानोर उभा राहिला आणि म्हणाला, "माल जुना आहे. डावा गुडघा वाजतो. मागच्या गिऱ्हाइकाची तक्रार नाही, पण ते गिऱ्हाईक बुडालं." एवढं बोलून तो बसला. मिनिटातली बरीच सेकंदं शिल्लक राहिली. ब्रेंडा मॅडमनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि पुन्हा असं कुठे बोलू नका असं बजावलं. ओळखी वाढवा, हसा, कार्ड छापा, असं त्यांचं सांगणं होतं.

त्याने कार्ड छापली. वर नाव, खाली फोन, मध्ये ठळक अक्षरांत "खरेदी". गल्लीत वाटली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात स्प्रिंगा निघालेली एक गादी उभी होती आणि तिच्याशेजारी दोन भाऊ एक मेलेला फ्रीज धरून भाव विचारत होते. भंगारवाल्याचा धंदा नाही हे समजावून सांगण्यात सकाळ गेली. भावांनी फ्रीज नेला. गादी कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

उरलं हसणं. ते त्याने आरशासमोर बसवलं आणि रस्त्यावर आणलं. त्याचा परिणाम असा झाला, की आठवड्याभरात गल्लीत त्याच्याबद्दल चार मतं तयार झाली. पहिलं, निकानोर नव्या पंथात गेला आहे आणि लवकरच पत्रकं घेऊन दार वाजवणार. दुसरं, तो पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या त्या साखळीत सापडला आहे, ज्यात आधी स्वतः फिल्टर घ्यावा लागतो. तिसरं, तो निवडणुकीला उभा राहतोय. चौथं मत बायकांचं होतं. वर्षही झालं नाही हो, असं ते मत होतं. दोन्या चायोची एक विधवा बहीण होती. तिला दोन्या चायोने सक्त सांगितलं, की तो आला की तू आत जायचंस. निकानोर दुकानात आला की पडदा हलायचा आणि आत कोणीतरी भांड्याला अडखळायचं. त्याने हे पाहिलं आणि त्यालाही संशय आला, की या लोकांनी आत काय लपवलंय.

त्याची कीव आली ती एका आर्नुल्फो मास्तरांना. मास्तर निवृत्त शिक्षक, समोरच राहायचे. त्यांनी त्याला बाकावर बसवून घेतलं.

"कार्डावर नोकरी मिळत नाही, निकानोर. नोकरी मिळते जेवणाच्या टेबलावर. कुणाच्या घरी जेवलास या वर्षात?"

निकानोरने आठवून पाहिलं. ओफेलियाच्या दिवसांत लोकांनी डबे आणले होते, पण ते त्याने दारातूनच घेतले होते.

"आता सहा जानेवारीला तीन राजांचा सण आलाय," मास्तर म्हणाले. "घरोघर रोस्का कापतील. बोलावतील तिथे जा. बोलावणार नाहीत तिथे मी नेतो."

रोस्का म्हणजे मोठ्या कड्याच्या आकाराचा गोड पाव. त्याच्या आत कुठेतरी बोटाएवढा बाळयेशू लपवलेला असतो. ज्याच्या तुकड्यात तो निघेल त्याने कांदेलारियाला सगळ्या मंडळींना तमाल खाऊ घालायचे, असा नेम. तमाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेलं खाणं. एकाला दोन पुरतात, पण कोणी दोनावर थांबत नाही. त्यामुळे रोस्का कापताना भल्याभल्यांचा धीर सुटतो. सुरी हळूच आत घालून चाचपणारे असतात, कागदासारखा पातळ तुकडा घेणारे असतात, आणि बाळ निघालंच तर ते गालात धरून हवापाण्यावर बोलत राहणारेही असतात. खुद्द मास्तरांनी ते एकदा तासभर गालात धरलं होतं आणि दाढ दुखते असं सांगितलं होतं.

निकानोरने विचार केला. बाळ ज्याच्या वाट्याला येतं, त्याच्या घरी सगळे येतात. सगळे म्हणजे ओळखी. ज्या गोष्टीला अख्खं गाव भितं ती जर त्याने मागून घेतली, तर कांदेलारियाला पन्नास माणसं त्याच्या टेबलाशी बसतील. ब्रेंडा मॅडमनाही हे सुचलं नव्हतं. हिशेबात खोट कुठे आहे हे त्याने खरेदीवाल्याच्या नजरेने तपासलं आणि त्याला ती दिसली नाही. खोट अशी होती, की आजवर कोणीही बाळ मागून घेतलं नव्हतं.

दोन्या चायोच्या अंगणात गल्लीचा रोस्का कापला गेला. निकानोरने सगळ्यात जाड तुकडा घेतला, बोटांनी कुस्करला, आणि नशीब असं की बाळ त्यातच निघालं. त्याने ते वर धरून दाखवलं आणि आरशातलं हसू हसला. सगळ्यांनी आपापले तुकडे खाली ठेवले. मग दोन्या चायो अभिनंदन म्हणाली, पण ते तिने ज्या सुरात म्हटलं त्या सुरात लोक डॉक्टरला "गाठ कसली आहे?" असं विचारतात.

ब्रेंडा मॅडमच्या वर्गात रोस्का कापला, तिथे एक बेकार विमा एजंट बाळ रुमालात सरकवत होता. निकानोरने ते त्याच्याकडून मागून घेतलं. एजंटने दिलं, पण कुठेतरी आपण फसलो असं त्याला वाटत राहिलं आणि जाताना तो दोनदा मागे वळून बघून गेला. चर्चच्या गायकमंडळींत एका बाईने बाळ गिळल्यासारखं केलं होतं. निकानोरने तिला पाणी दिलं आणि जबाबदारी स्वतःकडे घेतली. सहा जानेवारीचा आठवडा संपेपर्यंत त्याच्या खिशात तीन बाळं जमली होती. गल्लीत आता मतं चार नव्हती, एकच होतं. फिल्टर. नक्कीच फिल्टर.

रविवारी मास्तर त्याला आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी घेऊन गेले. हा विद्यार्थी म्हणजे इंजिनियर उलिसेस केसादा, मोटारीच्या सीटा बनवणाऱ्या एका परदेशी कारखान्यात माणसं नेमण्याचं खातं सांभाळणारा. आणि त्या कारखान्यात, मास्तरांनी वाटेत सांगितलं, चामड्याच्या खरेदीची जागा रिकामी होती. निकानोरने चालता चालता शर्टाची कॉलर नीट केली. आयुष्यभर लोक त्याच्या दारात असे आले होते. दार वाजवण्याआधी डिंकवालाही अशीच कॉलर नीट करत असेल का, असा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला.

केसादांच्या घरात हुकूम चाले तो इंजिनियरच्या आईचा, दोन्या कुकाचा. तिच्या घरचा नेम आणखी कडक होता. रोस्क्यातलं बाळ ज्याला मिळेल, तो तिच्या देव्हाऱ्यातल्या बाळयेशूचा धर्मबाप. तमाल तर द्यायचेच, शिवाय बाळाला नवे कपडे शिवून कांदेलारियाला चर्चमध्ये न्यायचं. मूर्ती तिच्या आजीच्या वेळची, प्लास्टरची, उजव्या हाताची करंगळी तुटलेली. गेल्या धर्मबापाने बाळाला फुटबॉलचे कपडे घातले होते, तेही हरणाऱ्या संघाचे. ती जखम अजून ओली होती.

रोस्का कापला. इंजिनियरच्या बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं आणि तिचा हात हळूच टेबलाखाली गेला. "तुम्हाला नको असेल तर मला द्या," निकानोर म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बुडत्या माणसाने गळ्यातला धोंडा विकत मागणाऱ्याकडे पाहावं. बाळ टेबलावर आलं. दोन्या कुकाने चष्मा लावून आधी बाळ पाहिलं, मग निकानोरला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग आत जाऊन देव्हाऱ्यातला बाळयेशू आणून त्याच्या हातात दिला.

"मान धरा," ती म्हणाली. "कोणता संघ आवडतो?"

"मी फुटबॉल बघत नाही."

"बरं," ती म्हणाली, पण नजर सैल केली नाही.

इंजिनियर मात्र खूश झाला. लेकराचा धर्मबाप आणि लेकराच्या घरचा माणूस हे एकमेकांचे कोंपाद्रे होतात, आणि कोंपाद्रे म्हणजे भावापेक्षा चार बोटं जवळ. त्याने निकानोरला मिठी मारली, "कोंपाद्रे" म्हणाला, आणि उद्या कारखान्यात येऊन अर्ज द्या असंही म्हणाला. निकानोर बाळयेशूला कडेवर घेऊन घरी आला. वाटेत त्याला दोन माणसांनी पाहिलं. नव्या पंथाचं मत पुन्हा वर आलं.

बाळाला कपडे हवे होते. बाजारात या दिवसांत मूर्ती सजवणाऱ्या बायकांची रांग बसते; तिथे डॉक्टरचा वेश मिळतो, पोपचा मिळतो, विमानाच्या पायलटचाही मिळतो. विकणारीने विचारलं, की घरच्या बाईंना कोणता रंग हवाय. निकानोरने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, निळा. तिने निळा दाखवला. तो ओफेलियाला आवडला असता की नाही याची त्याला खात्री वाटेना, कारण इतक्या वर्षांत कापडाच्या दुकानात तो नेहमी बाहेरच उभा राहिला होता. शेवटी त्याने शिवण ओढून पाहिली, ती पक्की होती, आणि घेतला.

कारखान्यातली मुलाखत चांगली झाली. एवढी चांगली, की निकानोरला संशय आला. चामड्यावरचे प्रश्न त्याला येत होते, पगाराचा आकडा बरा होता, सगळे नीट बोलत होते. मग खिडकीतल्या बाईने शेवटचा कागद पुढे केला. त्यावर विचारलं होतं: कंपनीतल्या कोणाशी आपलं रक्ताचं, लग्नाचं किंवा धर्मबापपणाचं नातं आहे काय? असल्यास अर्ज बाद समजावा. ही धर्मबापपणाची ओळ परदेशी लोकांनी इथे आल्यावर वाढवली होती. पहिल्या वर्षी त्यांनी पाहिलं, की त्यांच्या कारखान्यातली माणसं परस्परांची काहीच लागत नाहीत, फक्त सगळी एकमेकांची कोंपाद्रे आहेत.

निकानोरने कागद घरी नेण्याची परवानगी मागितली. बाईला वाटलं, काहीतरी लपवतोय.

तो थेट पाद्रीबाबांकडे गेला. हे नातं मोडता येतं का, असं त्याने विचारलं. बाबांनी कपाटातली दोन-तीन जाड पुस्तकं काढून चाळली. खरं पाहता हे नातं चर्चच्या कोणत्याही पुस्तकात नाही, असं ते म्हणाले, बाप्तिस्मा नाही, लग्न नाही, काही नाही. म्हणजे मोडायचीही गरज नाही. निकानोरला हायसं वाटलं. मग बाबा म्हणाले, "फक्त हे दोन्या कुकाला तुम्ही सांगा. माझं नाव घेऊ नका."

तिथून तो इंजिनियरकडे गेला. इंजिनियर हसला. सरळ "नाही" लिहा, म्हणाला, प्लास्टरच्या बाळाची साक्ष कोण काढणार आहे. निकानोर घरी आला आणि टेबलावर कागद ठेवून बसला. समोर बाळयेशू निळ्या कपड्यांत बसला होता. "नाही" लिहिलं तर घर राहत होतं, ओफेलियाच्या वस्तू राहत होत्या. "हो" लिहिलं तर गाडी येत होती. पण अडचण अशी, की कोणीतरी विश्वासाने एक जुनं लेकरू त्याच्या हातात दिलं होतं आणि मान धरायला सांगितली होती, आणि त्याने धरली होती. हे नातं नाही असं लिहायचं, तर मग जे सत्तावीस वर्षं परत केलं ते कशासाठी, असा प्रश्न उभा राहिला. टर्कीचं बसतिकीट काय स्वस्त होतं? त्याला स्वतःचा राग आला. मग त्याने रकान्यात लिहिलं: हो. आणि नात्याचं स्वरूप विचारलं होतं तिथे लिहिलं: बाळयेशूमार्फत.

खिडकीतल्या बाईने ते वाचलं आणि हे चालतं का ते तिच्या साहेबाला विचारलं. साहेबाने त्याच्या वरच्या परदेशी साहेबाला फोन लावला. परदेशी साहेबाने विचारलं, मूल कोणाचं? देवाचं, असं सांगण्यात आलं. देव आपल्याकडे कुठल्या खात्यात आहे, असं पलीकडून आलं. अर्धा तास समजावल्यावर निर्णय असा झाला, की बाळ कंपनीच्या नोकरीत नसलं तरी नातं नातंच, अर्ज बाद.

इंजिनियर त्या दिवशी फोनवर फार चिडला. "कोंपाद्रे," तो म्हणाला, "'नाही' लिहायला शाई कमी पडली का?"

कांदेलारिया आला. निकानोरने तमाल सांगितले होते. चार ठिकाणची मंडळी, म्हणजे तमाल किती, याचा अंदाज त्याने खरेदीवाल्यासारखा करून वर दहावा हिस्सा वाढवला होता. सकाळी बाळयेशूला चर्चमध्ये नेऊन आणलं. दोन्या कुकाने निळ्या कपड्याची शिवण उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि काही बोलली नाही. ही तिची पसंती असं मास्तरांनी कानात सांगितलं. मग सगळे निकानोरच्या घरी आले. गल्ली आली, बेकारांचा वर्ग आला, गायकमंडळी आली, केसादा मंडळी आली. घरात बसायला जागा नव्हती. गायिकांनी ती बेवारशी गादीसुद्धा अंगणात ओढून घेतली. ओफेलिया गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता.

आणि तरीही कोणी खाईना. प्रत्येकाच्या ताटात तमाल होता, वाफ निघत होती, पण पान कोणी सोडत नव्हतं. निकानोरला वाटलं, वास लागला की काय. त्याने एक हुंगून पाहिला, चांगला होता. शेवटी दोन्या चायोने गळा साफ केला.

"सेन्योर निकानोर, आधी तुमचं काय ते बोलून घ्या. खाल्ल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. आम्ही आत्ताच नाही म्हणतो आणि मग खातो."

"कशाला नाही म्हणता?"

"फिल्टरला."

निकानोरने चहूकडे पाहिलं. सगळे तयारीने बसले होते, जसा तो स्वतः विक्रेत्यांसमोर बसायचा. तोच चेहरा. आपण एवढी वर्षं असे दिसत होतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बहुधा ओफेलियाला माहीत असावं.

"फिल्टर नाही," तो म्हणाला. "मी नोकरी शोधत होतो. ओळखी वाढवा म्हणाले, म्हणून वाढवत होतो. नोकरी मिळाली नाही. खा."

"म्हणजे लग्नही नाही?" दोन्या चायोच्या मागून एक आवाज आला. ती बहीण होती, आणि आवाजात सुटकेपेक्षा थोडं वेगळं काहीतरी होतं.

"नाही."

मग एकदम पानं सुटली. भूक सगळ्यांनाच होती. पण तोंड भरल्यावर लोकांना राग आला. एवढी साधी गोष्ट, आणि या माणसाने महिनाभर सगळ्यांना घोर लावला. दोन्या चायोने तर हिशेब मांडला, की ओफेलिया असती तर तिने हे पहिल्याच दिवशी दुकानात सांगितलं असतं आणि दुपारपर्यंत चार जागा आल्या असत्या. निकानोरने ते मान्य केलं. विमा एजंट म्हणाला, की तुम्ही मागितलं असतं तर ते बाळ मी असंच दिलं असतं. तुम्ही असंच दिलंत, असं निकानोर म्हणाला. एजंट पुन्हा विचारात पडला.

याच वेळी योलांदा पोचली. दारात मालवाहू गाडी लावून, हातात रिकामी खोकी घेऊन ती आत आली, आणि घरात पन्नास माणसं खाताना पाहून तिला वाटलं आपण घर चुकलो. ही कोण माणसं, असं तिने बापाला विचारलं. ओळखीची, असं तो म्हणाला. तुमच्या ओळखीची, असं तिने पुन्हा विचारलं, आणि त्यातल्या "तुमच्या" या शब्दावर तिने एवढा भार दिला की निकानोरला जरा लागलं.

दोन्या कुकाने खोकी पाहिली. ही कशाला, असं तिने विचारलं. योलांदाने सांगितलं, बाबांना घेऊन जातेय.

"कुठे घेऊन जातेस? धर्मबाप तीन वर्षांसाठी असतो. एकदा कपडे घालून पळून जायची पद्धत नाही आमच्याकडे."

"आजी, एका बाहुलीसाठी माझे बाबा इथे उपाशी—"

बाहुली हा शब्द पडला आणि सगळं घर चावायचं थांबलं. योलांदालाही ते कळलं. ती ओफेलियाची मुलगी होती. तिने लगेच बाळयेशूच्या दिशेने क्रूसाची खूण केली आणि आवाज खाली आणला. पण खातील काय, आजी, असं तिने विचारलं. नोकरी नाही त्यांना.

दोन्या कुका तिच्याशी पुढे काही बोलली नाही. तिने मान वळवली आणि नऊशे माणसांच्या कारखान्यातला इंजिनियर केसादा काटा खाली ठेवून उभा राहिला.

"आई, नियम आहे. आमच्याकडे कोंपाद्रे घेता येत नाही. यांनी लिहून दिलंय."

"तुझ्याकडे नको मग. शेजारच्या कारखान्यात घाल. तो रुबाल्काबा आहे ना तुझा मित्र. त्याचा कोंपाद्रे तुझ्या गोदामात वर्षभर बसून आहे, तो कसा बसला?"

इंजिनियर खोकला. मास्तर ताटात बघू लागले. तेव्हा त्या घरात असं उघडं झालं, की त्या औद्योगिक वसाहतीत हा नियम सगळ्याच परदेशी कारखान्यांत होता, आणि म्हणून माणसं नेमणारे सगळे इंजिनियर आपापले कोंपाद्रे शेजारी पाठवत होते आणि शेजारचे आपल्याकडे घेत होते. नियम कोणी मोडत नव्हतं. परदेशी साहेब समाधानी होते.

निकानोर ताठ झाला. "मला वशिल्याने नको," तो म्हणाला.

"वशिला कसला? बाळाला पुढच्या वर्षी कपडे लागतील," दोन्या कुका म्हणाली. "तुम्ही बसा. उलिसेस, फोन कर."

इंजिनियर फोन घेऊन अंगणात गेला. निकानोरने त्याच्या मागे जाऊन एक अट घातली, की शिफारशीचा शब्द बोलायचा नाही, फक्त भेटीची वेळ मागायची. इंजिनियरने ती पाळली, बहुतेक रागाने. योलांदाने खोकी भिंतीला लावून ठेवली, सोमवारपर्यंत थांबते म्हणाली, आणि तिसरा तमाल घेतला.

सोमवारी रुबाल्काबासमोर निकानोर बसला. रुबाल्काबा जाडजूड, डोळे बारीक, बोलणं कमी. त्याच्या टेबलावर निकानोरचा तो बाद झालेला कागद होता. इंजिनियरने शब्द बोलायचा नव्हता म्हणून कागद पाठवला होता. रुबाल्काबाने तो उजेडात धरला, जणू नोट खरी आहे का बघावी.

"या रकान्यात 'हो' लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "एकतर तुम्ही वेडे आहात, नाहीतर फार पोचलेले."

"खरेदीत यातलं काय चालेल?"

"काहीही चालेल. सध्या आमच्याकडे तिसऱ्या प्रकारचा आहे. नाताळात त्याच्या घरी सात टर्क्या आल्या."

दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ संशयाने पाहिलं. हळूहळू दोघांनाही बरं वाटू लागलं. चामड्याचे भाव, डिंक, परत केलेला माल, खोटी वजनं यांवर दुपारपर्यंत बोलणं झालं. मग त्याच छापाचा कागद इथेही पुढे आला. या कंपनीतल्या कोणाशी आपलं रक्ताचं, लग्नाचं किंवा धर्मबापपणाचं नातं आहे काय? निकानोरने नीट आठवून पाहिलं आणि "नाही" लिहिलं. खाली सही केली. रिकामी गाडी तिहुआनाला परत जाणार होती. घरातल्या वस्तू तिथेच राहणार होत्या, आणि आता त्यांना कुठेही हलवायचं नव्हतं.

रुबाल्काबाने कागद घडी करून खणात टाकला आणि पहिल्यांदाच हसला. माझ्या नातीचा बाप्तिस्मा मे महिन्यात आहे, असं तो सहज म्हणाला, आणि घरच्यांना धर्मबाप म्हणून कोणीतरी भरवशाचा माणूस हवाय.

निकानोरने पेनचं टोपण लावलं.

"माझी नोकरी पक्की कधी होते?" त्याने विचारलं.

"एप्रिलअखेर."

"तेवढं कागदावर लिहून द्या," निकानोर म्हणाला, "मग मे महिन्यात बाप्तिस्म्याला येतो."